इंजिनाच्या गाळणीचं कापड

तुमच्याबद्दल लोक आता चांगलंच बोलतात. बाराव्याला आलेल्यांतले निम्मे तरी त्या दिवशी कळंब्याच्या माळावर हसायला होते. तेच आता आपल्या कट्ट्यावर बसून म्हणतात, "बापू म्हंजे डोस्कं व्हतं. असा माणूस कोल्हापुरात पुन्यांदा व्हायचा न्हाय." मी आतून ऐकते. त्यांच्यासमोर यायचं धाडस होत नाही. नवरा गेलेली बाई चारचौघांत येत नाही, असं समजून ते मला बाहेर बोलावत नाहीत. कारण वेगळं आहे. ते लिहायला बसले आहे.

तुम्ही कुणाचे, शिकलात कुठं, नोकरी कुणाच्या मोटारखान्यात केलीत, हे गावाला ठाऊक आहे. ते सांगणारे पुष्कळ आहेत. मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि जे बोलायचं ते तुम्ही असताना बोलायला हवं होतं.

तुम्ही जर्मनच्या लढाईवर गेलात ती चार वर्षं मी तुम्हाला कधी नीट सांगितली नाहीत. बसऱ्याच्या विमानतळावर तुम्ही फिटर होता. पत्र यायचं, मग थांबायचं. मधे एकदा सात महिने काहीच आलं नाही. त्या सात महिन्यांत गल्लीतल्या बायकांनी मला हळदीकुंकवाला बोलवायचं सोडलं. तोंडानं कुणी वाईट बोललं नाही. फक्त बोलावणं यायचं बंद झालं. शेजारच्या दारातून अत्तराचा वास यायचा आणि मी घरात तांदूळ निवडत बसायची. कपाळावर कुंकू होतं, पण ते खरं की खोटं हे माझं मलाही सांगता आलं नसतं.

मग तुम्ही आलात. खाकी कोट, निम्मं वजन, आणि पेटीत माझ्यासाठी आरसा, स्वतःसाठी पोलादी मोजपट्टी. वर्ष गेलं नाही तोवर लढाईतून मोडीत निघालेलं विमानाचं एक इंजिन तुम्ही पुण्याच्या लिलावातून बैलगाडीत घालून आणलंत आणि म्हणालात, "इमान करनार हाय. हितंच, आपल्या गावात."

तुम्ही ज्यांच्याकडं नोकरीला होता त्या सरदारसाहेबांनी मोटारखान्यामागची शेड वापरायला दिली. पन्हाळ्याकडून बांबू आले, सुतारानं लाकूड तासून दिलं, आणि पत्र्याचं जेवढं काम होतं तेवढं दस्तगीरभावजींनी केलं. तुम्ही दोघं एका तालमीत घुमलेले. त्यांचं कल्हईचं आणि पत्र्याचं दुकान, तुमचं इंजिनाचं वेड. दुपारची भाकरी एका फडक्यातली. मला वाटतं तुम्ही माझ्याशी दिवसभरात बोलत नव्हता इतकं त्यांच्याशी एका तासात बोलत होता. आणि मला त्याचा राग होता, हेही आता लिहूनच टाकते.

पण तुम्ही मला त्या शेडबाहेर ठेवलं नाहीत. हे विसरले तर मी माणूस नव्हे. पंखांचं कापड मी शिवलं. साबुदाण्याची खळ मी शिजवली, तुम्ही कुंचल्यानं ती पंखांवर दिली, आणि कापड वाळून ताठ झाल्यावर त्यावर टिचकी मारून म्हणालात, "ऐक, हलगीगत वाजतंय." एकदा भावजी जेवायला गेलेले, तेव्हा तुम्ही मला हात धरून त्या वेताच्या बैठकीवर बसवलंत. पुढचा दांडा हातात दिलात. "आता डावीकडं दाब. झालं, वळलीस. खाली बघ, रंकाळा दिसतोय का?" मी डोळे मिटले होते. पण मी म्हणाले, दिसतोय. आपल्या गल्लीतल्या कुठल्या बाईला तिच्या नवऱ्यानं असं काही दिलं असेल?

गाळणीची गोष्ट त्यानंतरची.

तुम्ही मला समजावून सांगितलं होतं की इंजिन नुसतं तेल पीत नाही, हवाही पितं. आणि आपल्या माळावर वैशाखात हवा म्हणजे निम्मी मुरमाची माती. बसऱ्याला एका कोवळ्या साहेबाचं विमान उडालं आणि वर जाऊन बंद पडलं. तो साहेब तुमच्याच हातानं चढला होता. नंतर इंजिन उघडलं तर आत सगळं घासलेलं. वाळूनं खाल्लं होतं. त्या रात्री तुम्ही जेवला नव्हता. म्हणून तुमचा नेमच झाला होता, उघड्या तोंडानं इंजिन माळावर चालवायचं नाही. हवा आत जाते तिथं पत्र्याचा डबा बसवायचा, डब्यात तारेचा सांगाडा, सांगाड्यावर मलमलीचं कापड, कापडाला तेलाचा नुसता हात. धूळ कापडाला चिकटेल, हवा आत जाईल.

"एकच पदर," तुम्ही बजावलंत. "जाड झालं तर इंजिन सुरू व्हईल, जमिनीवर गुरगुरंल बी. पर पुरता जोर मागितला की धाप लागंल त्येला. इमान उठणार न्हाय."

डबा भावजींनी केला, तुम्ही पट्टीनं दिलेल्या मापात. कापड शिवायचं माझ्याकडं आलं.

त्याच आठवड्यात आपलं भांडण झालं. मी म्हणाले, "मला परत तसलं जगायचं न्हाय." तुम्ही म्हणालात, "ह्या वेळी पत्राची वाट बघायला लागणार न्हाय. तुझ्या डोळ्यांसमोरच असणार की मी." मी म्हणाले, "डोळ्यांसमोर पडणार." तुम्ही हसलात आणि चहा मागितलात. मी चहा केला. ते भांडण तिथंच राहिलं, कुणीच जिंकलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी परसदारी बसून मी ती गाळणी शिवली. बाहेरून मलमल, एकच पदर, टाके बारीक, तुम्हाला आवडायचे तसे. आणि आत, तारेला लागून, मांजरपाटाचा घट्ट विणीचा तुकडा. बाहेरून बघणाऱ्याला दिसणार नाही असा. बैठक जागची हलली नाही तर माणूस पडणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं असं मी आजवर स्वतःला सांगत आले. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. भीतीच्या खाली राग होता. चार वर्षं मी ज्याची वाट बघितली तो आला आणि लाकडाच्या पंखांचा झाला. ते पंख एकदा लोकांसमोर खाली बसावेत असं मला वाटलं. टाके घालताना वाटलं.

माळावर गर्दी जमली. महाराज येणार अशी उगीच कंडी पिकली होती. ते आले नाहीत, पण सरदारसाहेबांची मोटार आली, शाळेतले मास्तर आले, तालमीतली सगळी मंडळी आली. मी आत्याबाईंबरोबर, तुमच्या आईंबरोबर, करंजाच्या झाडाखाली बसले होते. त्या सकाळपासून अंबाबाईचं नाव घेत होत्या. मी घेत नव्हते. मला ठाऊक होतं काय होणार.

इंजिन झकास सुरू झालं. लोक मागं सरले. विमान माळाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं धावलं, धूर काळा ओकत, खोकत, आणि तळ्याच्या अंगाला जाऊन थांबलं. तुम्ही ते फिरवलंत आणि परत पळवलंत. तिसऱ्यांदा पळवलंत. चाकं जमिनीवरून चार बोटंसुद्धा उचलली नाहीत.

मग एकजण ओरडला, "बापू, बैलं जुंपू काय?" दुसरा म्हणाला, "आरं नांगर तरी लाव त्येला मागं, येवढं रान तरी नांगरून हुईल!" आणि माळभर हशा पिकला. सरदारसाहेबांची मोटार निघून गेली. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. आणि मग, लोक हसत होते तेव्हा, क्षणभर बरं वाटलं. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

तुम्ही खाली उतरलात. तोंड मातीनं भरलेलं, त्यात नुसते डोळे. प्लग काढून बघितलात, काळेकुट्ट. तुम्ही लगेच ओळखलंत. "हवा पुरंना," म्हणालात. डबा उघडलात, गाळणी बाहेर काढलीत. आता उसवणार, आता तोंडाला लावून फुंकर घालून बघणार. पण तुम्ही शिवणीवरून नुसता अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "ह्यात चुकायचं कारण न्हाय. हे घरचं काम हाय."

आणि तुम्ही भावजींकडं वळलात. "दस्तगीर, डब्याचं तोंड बारीक केलंस तू."

"माप तू दिलतंस. मापात हाय."

"मापात असतं तर उठलं असतं की!"

"मग काढ डबा. डब्याबिगर उडव. बघू तरी."

"ह्या मातीत? न्हाय." आणि मग तुमच्या तोंडून ते निघालं. "पत्रा वाचवलास की न्हाय, खरं सांग."

भावजींनी हत्यारांची पिशवी उचलली. "आरं, पत्रा वाचवणारा असतो तर तुझ्या नादाला लागलो असतो काय?" असं म्हणून त्यांनी तुम्हाला आईवरून शिवी घातली आणि माळावरून गावाकडं चालू लागले. मी वीस पावलांवर बसले होते. उठून एक वाक्य बोलायचं होतं. मी आत्याबाईंच्या हातातला पाण्याचा तांब्या धरून बसले.

चार दिवसांत गावभर झालं, दस्तगीरच्या डब्यानं बापूचं इमान बसवलं. लोक त्यांच्या दुकानात घागर घेऊन गेले की विचारायचे, "तोंड बारीक तर न्हाय न्हवं केलंस?"

पाऊस लागला. शेड गळू लागली आणि पंखांवरची खळ ओल धरून चिकट झाली, कापड सैल पडलं. तुम्ही मोठा डबा स्वतः करायला घेतलात. डाक देऊन पत्रा जोडताना बोटं भाजून घेतलीत. मी त्यावर लोणी लावलं. तुम्ही म्हणालात, "दस्तगीरचा हात वेगळा." आणि एका सकाळी तुम्ही जुना डबा मांडीवर घेऊन पट्टी लावलीत. पुन्हा लावलीत. मग म्हणालात, "बरोबर हाय गं. त्येचं माप बरोबर हाय. माझंच गणित चुकलं. पाऊस जरा उघडला की जातो त्येच्याकडं. पाया पडायला लागलं तरी पडतो."

मी समोर चुलीशी होते. तुमचं गणित चुकलं नव्हतं. त्यांचं माप चुकलं नव्हतं. मी म्हणाले, "जावा की," आणि फुंकणीनं जाळ केला.

नंतर तुम्ही मला नवीन डब्यासाठी नवं कापड शिवायला सांगितलंत. मलमल आणून दिलीत. ती तशीच घडी करून पेटीत आहे. ह्या वेळी मी एकच पदर घातला असता का? मला खरंच माहीत नाही. असं म्हणायचा मोह होतो की घातला असता.

मग ताप आला. पहिल्या दिवशी तुम्ही काढा घेऊन कामावर गेलात. दुसऱ्या दिवशी उठवेना. तिसऱ्या दिवशी सकाळी शुद्धीवर होता, माझा हात धरून म्हणालात, "दस्तगीरला बोलवून आण." दुकान आपल्या घरापासून किती लांब? दोन गल्ल्या. मी म्हणाले, "जरा बरं वाटू दे, मग बोलावते." तुम्ही मान हलवलीत. माझ्यावर विश्वास ठेवलात.

मी का नाही बोलावलं, ते सांगते. तुम्ही दोघं एकदा शांतपणे शेजारी बसला असतात, डबा बरोबर होता हे तुम्ही त्यांना सांगितलं असतंत, तर दोघांच्या मिळून ध्यानात आलं असतं की मग उरलं काय ते. कापड. म्हणून नाही बोलावलं. पाचव्या दिवशी तुमची शुद्ध गेली ती आलीच नाही. डॉक्टर म्हणाले विषमज्वर.

विमानातून पडून मराल म्हणून मी तुम्हाला जमिनीवर धरून ठेवलं. तुम्ही जमिनीवरच, अंथरुणावर गेलात, आणि जाताना तुम्हाला वाटत होतं की तुमचंच चुकलं.

पंचगंगेच्या घाटावरून आलेल्यांनी सांगितलं, दस्तगीर आला होता, लांब पायऱ्यांवर उभा होता, सगळे गेल्यावर गेला. आपल्या घरी ते आले नाहीत.

बारावं झाल्यावर चौथ्या दिवशी मी पदर डोक्यावरून घेतला आणि निघाले. आत्याबाई दारात आडव्या आल्या. "ह्या दिवसांत? लोक काय म्हणतील?" मी म्हणाले, "म्हणू देत. मला दस्तगीरभावजींच्या घरी जायचंय." त्या बाजूला झाल्या. त्यांना वाटलं असेल, दोघांचं भांडण होतं, सून मिटवायला निघाली.

भावजी पडवीत एका परातीला कल्हई करत होते. मला बघून उठले. त्यांच्या बायकोनं, अमिनाभाभींनी, चटई टाकली. मी बसले नाही. उभ्यानं सांगितलं, "त्या गाळणीत मी आतनं मांजरपाट घातला होता. विमान उठू नये म्हणून. डब्याचा काही दोष नव्हता."

त्यांना प्रथम कळलंच नाही. "काय घातला व्हता?"

मी परत सांगितलं. मग त्यांनी हातातला कापसाचा बोळा खाली ठेवला.

"वहिनी," ते म्हणाले, "तवापासून मी परत्येक काम दोनदा मोजतोय. हातावरचा भरवसाच उडाला माझा. येवढी वर्सं पत्रा कापला, कवा दोनदा मोजलं न्हवतं." आणि मग एकदम आवाज चढला. "आन् हे तो जित्ता असताना का न्हाय सांगितलं? भ्या वाटलं? कुनाचं? बापूचं? त्यानं तुमाला कवा मोठ्यानं तरी हाक मारली व्हती का? मी त्येला आईवरनं शिवी देऊन आलतो. ती शेवटची बोलनी आमची. शेवटची!"

मी एवढंच सांगितलं की पावसात तुम्ही डबा मापला होता, माप बरोबर निघालं होतं, आणि तुम्ही त्यांच्याकडं जायचं म्हणत होता, पाया पडायला लागलं तरी. ते ऐकून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. खांदे हलत होते. अमिनाभाभी मला म्हणाल्या, "आता जावा तुमी." मी आले.

महाराजांच्या राज्यात मुलींच्या शाळा निघाल्या म्हणून मला चार अक्षरं लिहिता येतात. त्याचा उपयोग असा होईल असं वाटलं नव्हतं. इथल्या साप्ताहिकाच्या संपादकांनी तुमच्यावर दोन शब्द मागितले होते, पत्नीनं लिहावेत असे, डोळ्यांत पाणी आणणारे. मी हे लिहिलं. आत्याबाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "घराची अब्रू वेशीला टांगतीयास." मी म्हणाले, "दुसऱ्या घराची टांगून ठेवलीय, आत्याबाई, मीच." त्या दिवसभर जेवल्या नाहीत. संध्याकाळी म्हणाल्या, "माझं नाव न्हाय न्हवं त्यात?" नाही, त्यांचं नाव नाही.

काल हा कागद घेऊन परत भावजींच्या पडवीत गेले. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी वाचला आणि त्यांनी ऐकला. तिसऱ्या दिवशीचं आलं, तुम्ही त्यांना बोलवायला सांगितल्याचं. ते मी त्यांना आधी सांगितलं नव्हतं. तोंडानं सांगायचं धाडस नव्हतं. ते वाक्य मी वाचलं तसे ते उठले आणि घराबाहेर निघून गेले. मी कागद हातात धरून बसून राहिले. भाभी माझ्याकडं बघत नव्हत्या.

अर्ध्या तासानं ते आले. डोळे लाल, पण आवाज साधा. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मी माफी मागितलीही नाही. कागदाकडं बोट दाखवून त्यांनी विचारलं, "त्यात डब्याचं माप लिवलंय का?"

मी म्हणाले, नाही.

"मग लिवा. लोकं म्हन्त्यात तोंड बारीक व्हतं. नुसतं मापात व्हतं म्हनून कुनाला कळणार? आकडा लिवा."

म्हणून लिहिते. तुम्ही मागितलं होतं पावणेचार इंच. दस्तगीरभावजींच्या डब्याचं तोंड पावणेचार इंच होतं, तसूभरही कमी नाही.